पिल्लू कोणत्या जातीचं? रंग बाजूला ठेवा, वाढ पाहा

आठवडी बाजारातून "गावठी" म्हणून आणलेली पाच पिल्लं, मुलांनी हट्ट धरला म्हणून फेरीवाल्याकडून घेतलेलं एक, नाहीतर शेजाऱ्यांच्या खुडूक कोंबडीनं उबवलेल्या अंड्यांतून निघालेलं काळं-पांढरं एखादं. मग मोबाईलवर फोटो येतो आणि प्रश्न एकच असतो: "जात कोणती?" फोटोत पिवळसर लव असलेला एक गोळा दिसतो. त्यावरून छातीठोकपणे जात सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. आठवड्याच्या पिल्लाची जात लवेच्या रंगावरून ठरत नाही.

मात्र पिल्लू वाढत जातं तशी दर टप्प्यावर एकेक शक्यता बाद करता येते. त्यासाठी तज्ज्ञ असावं लागत नाही. स्वयंपाकघरातला वजनकाटा, दिवसाचा उजेड आणि तारखा लिहायला एक वही एवढं पुरे.

नाव हवंय की निर्णय हवाय?

आपल्या परसातली बहुतेक पिल्लं कुठल्याच नोंदलेल्या जातीची नसतात. गावात पिढ्यान् पिढ्या मोकळ्या फिरणाऱ्या, एकमेकांत मिसळलेल्या कोंबड्यांना आपण गावठी म्हणतो. ती जात नव्हे. त्यामुळे काही पिल्लांना सहा महिन्यांनीही नाव देता येणार नाही. त्यात पिल्लाचं काही कमी नाही आणि तुमचं ओळखण्यात चुकलं असंही नाही.

तुम्हाला खरं तर या तीन गोष्टी कळायला हव्यात:

- पिल्लू मांसल वाणाचं आहे, अंड्याच्या वाणाचं, दुहेरी उपयोगाचं की गावठी? खाद्य आणि जागा यावर ठरते.
- नर आहे की मादी? शहरात राहत असाल तर हा प्रश्न पहिल्या क्रमांकाचा.
- विकताना जे सांगितलं होतं तेच हाती आलंय का? पैसे जास्त मोजले असतील तर हे पाहायलाच हवं.

आधी खात्री करा: हे कोंबडीचंच आहे ना?

रानात सापडलेली अंडी घरच्या खुडूक कोंबडीखाली ठेवण्याची सवय अजून बऱ्याच गावांत आहे. मोराचं पिल्लू कोंबडीच्या पिल्लापेक्षा थोराड असतं आणि काही आठवड्यांतच त्याच्या डोक्यावर शेंडी उभी राहते. सह्याद्रीतल्या रानकोंबडीचं पिल्लू मात्र पट्टेरी गावठी पिल्लासारखंच दिसतं; तिथं दिसण्यावर जाऊ नका, अंडी कुठून आली ते विचारा. मोर, रानकोंबडी, तितर या सगळ्यांना वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ चं संरक्षण आहे. त्यांची अंडी उचलणं किंवा पिल्लं पाळणं, हेतू चांगला असला तरी, गुन्हा ठरतो. शंका असेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा आणि पिल्लू स्वतःच्या मनानं रानात सोडून देऊ नका. आईविना ते एक रात्रही काढणार नाही.

पहिला आठवडा: लव नको, पाय पाहा

लवेचा रंग फसवतो. ब्रॉयलर पिवळं, पांढरं लेगहॉर्न पिवळं आणि कितीतरी गावठी पिल्लंही पिवळीच. या वयात भरवशाच्या खुणा शरीराच्या ठेवणीत सापडतात:

- पायाची नळी. जाड, आखूड, एकमेकांपासून लांब रोवलेले पाय मांसल वाणाचे. बारीक, लांबट पाय अंड्याच्या वाणाचे किंवा गावठीचे.
- पायाचा आणि तळव्याचा रंग. पिवळा, गोरा, पाटीसारखा करडा की काळा, ते लिहून ठेवा. तळवा वेगळा पाहा; काळ्या पिल्लांच्या बाबतीत तोच पुढे साक्षीला उभा राहतो.
- मान. उघड्या मानेचं पिल्लू अंड्यातून निघतानाच उघड्या मानेचं असतं. नंतर मानेवरची पिसं गळाली असतील तर ते टोचाटोचीचं किंवा आजाराचं लक्षण आहे.
- तुरा. उजेडात चोचीच्या वर पाहा. बारीक करवतीसारखी एकच ओळ असेल तर एकेरी तुरा. तीन बुटक्या ओळी असतील तर वाटाणा तुरा. अशा वेळी पिल्लात असीलचं रक्त असण्याची शक्यता धरा.

पिल्लू लाल, हिरवं, गुलाबी असेल तर ते रंगवलेलं आहे. रंग फक्त लवेवर असतो आणि दोन-तीन आठवड्यांत खरी पिसं फुटली की आपोआप निघून जातो. कृपा करून रंग काढण्यासाठी पिल्लाला आंघोळ घालू नका. दरवर्षी कितीतरी घरांत पिल्लं या आंघोळीनंच गारठून मरतात आणि दोष मात्र रंगाला दिला जातो.

रंगवलेल्या टोपलीत बहुधा काय असतं तेही समजून घ्या. अंड्याच्या वाणाच्या हॅचरीत नर पिल्लांना मोल नसतं: ती अंडी देणार नाहीत आणि मांसासाठी लवकर वाढणारही नाहीत. त्यातली बरीच स्वस्तात फेरीवाल्यांकडे जातात. तपकिरी अंडी देणाऱ्या व्यापारी वाणांत तर पहिल्याच दिवशी रंगावरून निवड होते; तांबूस-तपकिरी ती मादी, फिकट पिवळसर तो नर. म्हणजे फेरीवाल्याकडचं पिल्लू "अंड्याला येईल" असं कुणी सांगितलं, तर ते नर असण्याचीच शक्यता जास्त धरून चाला.

दुसरा ते सहावा आठवडा: काटा खोटं बोलत नाही

सगळ्या टप्प्यांत हा सर्वांत उपयोगी, आणि नेमका हाच बहुतेक जण वाया घालवतात. दर आठवड्याला एकाच वारी, सकाळी खाद्य टाकण्याआधी वजन करा. पिल्लू छोट्या डब्यात ठेवून डब्याचं वजन वजा केलं की झालं. पोटभर तयार खाद्य मिळत असेल तर साधारण असे आकडे दिसतात:

- ब्रॉयलर: आठवड्याचं दीडशे ग्रॅमच्या पुढे, तीन आठवड्यांचं ७०० ग्रॅमच्या वर, सहा आठवड्यांत दोन किलो किंवा जास्त.
- वनराजा, गिरिराज यांसारखी सुधारित परसबागेची: सहा आठवड्यांत ६०० ते ८०० ग्रॅम.
- अंड्याचे व्यापारी वाण: सहा आठवड्यांत ४०० ते ४५० ग्रॅम.
- गावठी: सहा आठवड्यांत २५० ते ३५० ग्रॅम.

पिल्लू अंगणात किडा-दाणा वेचून वाढत असेल तर सगळेच आकडे खाली येतात, पण त्यांचा क्रम बदलत नाही. एकाच दिवशी आणलेली, एकच खाद्य खाणारी पिल्लं असतील तर तुलना आणखी सोपी. त्यातलं एकच पिल्लू दुप्पट झालं, तर ते वेगळ्या वाणाचं आहे.

ब्रॉयलर ओळखायला वजनाखेरीज वागणंही पुरेसं असतं. ते खाद्याच्या भांड्यापाशी बसूनच खातं, पोटाखाली पिसं विरळ राहतात, उडून काठीवर बसायचा प्रयत्न करत नाही. लेगहॉर्न वळणाचं पिल्लू नेमकं उलटं. हात पुढे केला की टोपलीबाहेर.

ब्रॉयलर निघालं तर निर्णय लगेच घ्या. हे वाण पाच-सहा आठवड्यांत कापणीला यावं म्हणून घडवलेलं आहे. हवं तितकं खाऊ घालून पुढे ठेवलं तर पाय वाकतात, हृदयावर ताण येतो आणि वैशाखातल्या एखाद्या दुपारी ते धापा टाकत मरतं. पाळायचंच असेल तर खाद्य दोन वेळा मोजून द्या, चालायला जागा द्या, उन्हाळ्यात सावली आणि गार पाणी हाताशी ठेवा. मुलांना लळा लागलेला असतो, म्हणून त्यांना हे आधीच सांगा.

काळं पिल्लू: कडकनाथ, ऑस्ट्रेलॉर्प की संकर?

सर्वांत जास्त पैसे इथे जातात आणि सर्वांत जास्त फसवणूकही इथेच होते. कडकनाथ हा मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागाचा पक्षी. झाबुआच्या कडकनाथ मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचं काळेपण पिसांपुरतं नसतं. कातडी, तुरा, जीभ, चोच, पाय, हाडांवरचं आवरण या सगळ्यांत काळा रंग उतरलेला असतो. पिसं पूर्ण काळी असतील असंही नाही, कारण कडकनाथमध्ये पिसांवर रुपेरी रेघा असलेला आणि सोनेरी झाक असलेला असे आणखी दोन प्रकार आहेत.

पिल्लू हातात घेऊन, भर उजेडात, या क्रमानं पाहा:

१. तळवा. ऑस्ट्रेलॉर्प या दुसऱ्या काळ्या जातीचे पाय काळपट असले तरी तळवा गोरा असतो. कडकनाथचा तळवाही गडद.
२. पोट आणि पंखांची टोकं. ऑस्ट्रेलॉर्पच्या पिल्लाची पाठ काळी, पण पोट आणि पंखांची टोकं पिवळसर पांढरी. कडकनाथचं पिल्लू निळसर काळं, पाठीवर अस्पष्ट गडद पट्टे.
३. पंखाखालची कातडी. फुंकर मारून लव बाजूला करा. गोरी कातडी दिसली की कडकनाथचा दावा तिथंच संपला.
४. जीभ आणि टाळा. गुलाबी डाग असतील तर संकराचा संशय घ्या. लहान पिल्लात हा रंग वयाबरोबर आणखी गडद होतो, म्हणून एका पाहणीवर निकाल देऊ नका. दोन महिन्यांनी पुन्हा पाहा.
५. तुरा. तीन-चार महिन्यांत तुरा लालभडक झाला तर तो शुद्ध कडकनाथ नव्हे. ऑस्ट्रेलॉर्पचा तुरा लालच असतो.

यात एक मेख आहे. कातडी काळी करणारा गुण प्रभावी असल्यानं कडकनाथ आणि गावठीच्या पहिल्या संकरातही पिल्लं बऱ्यापैकी काळी निघतात. अशा पक्ष्यांची जोडी लावली की पुढच्या पिढीत काही पिल्लं गोऱ्या कातडीची निघतात, आणि तेव्हा बिंग फुटतं. म्हणून पैदाशीसाठी घेत असाल तर पिल्लं बघून भागत नाही, आई-बाप दोन्ही पाहायला मागा.

"काळी अंडी" म्हणून कुणी काही विकत असेल तर घेऊ नका. कडकनाथचं अंडं फिकट बदामी असतं.

तलंग की कोंबडा?

अंड्याचा आकार, पाय धरून उलटं लटकवणं, अंगठीला दोरा बांधून पिल्लावर फिरवणं, हे सारे उपाय सोडून द्या. पंखाच्या पिसांची लांबी पाहून पहिल्या दिवशी नर-मादी ओळखण्याची पद्धत खरी आहे, पण ज्या व्यापारी वाणांत तो गुण मुद्दाम बसवलेला असतो त्यांच्यापुरतीच. गावठी पिल्लावर ती लावली तर उत्तर निम्म्या वेळा चुकेल.

पाच ते आठ आठवड्यांत एकेरी तुऱ्याच्या नरांचा तुरा मोठा आणि लाल होऊ लागतो, गळ्याखालच्या लोळ्याही दिसतात. एवढ्यावर बहुतेक पिल्लांचा निकाल लागतो. वाटाणा तुऱ्याच्या पिल्लांना हा नियम लावू नका. असीलच्या नराचा तुराही बुटकाच असतो.

खात्रीची खूण बारा ते चौदा आठवड्यांच्या सुमारास दिसते. शेपटीच्या मुळाशी, पाठीच्या उतारावरची पिसं पाहा. नराची लांब, टोकदार, चकचकीत; मादीची गोल टोकाची. बांग हा उशिराचा पुरावा आहे, कारण कुणी दोन महिन्यांचं असतानाच घसा साफ करतं, तर कुणी पाच महिने गप्प असतं. पायाच्या काट्यावर तर मुळीच विसंबू नका, वयस्क माद्यांनाही काटे येतात.

सोसायटीत किंवा दाट वस्तीत राहत असाल आणि पिल्लू नर निघालं, तर बांग सुरू होण्याआधीच त्याची सोय लावा. तक्रार आल्यावर घाईत केलेला सौदा पक्ष्यालाही वाईट आणि तुम्हालाही. महापालिकेचे आणि सोसायटीचे नियम पिल्लू आणण्याआधी विचारलेले बरे.

पाच-सहा महिन्यांनी: आता नाव शोधा

पिसारा पूर्ण झाला, अंडी सुरू झाली की उरलेल्या शक्यता तपासता येतात.

पांढरी पिसं, मोठा एकेरी तुरा, पांढरी कानाची पाळी, पिवळे पाय आणि पाचव्या महिन्याच्या आत पांढरं अंडं: लेगहॉर्न वळणाचा व्यापारी वाण.

रंगीबेरंगी पिसारा, भरदार अंग, तपकिरी अंडं, खुडूक होण्याचं नाव नाही: बहुधा हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाचा वनराजा किंवा बेंगळुरूचा गिरिराज. हे दोघे पिसांवरून वेगळे काढणं अवघड आहे. पिल्लू कुठल्या केंद्रातून आलं हेच खरं उत्तर. हे संकरित वाण आहेत हे ध्यानात ठेवा. त्यांचीच अंडी उबवून कळप वाढवायला गेलात तर पुढची पिढी एकसारखी निघत नाही आणि उत्पादनही घसरतं. "वनराजाची घरची पिल्लं" वनराजाच्या दरानं घेऊ नका.

ताठ उभं अंग, लांब मान, रुंद खांदे, घट्ट चिकटलेली पिसं, बुटका वाटाणा तुरा: असील, किंवा असीलचं बरंच रक्त असलेला गावठी. पिवळसर तांबड्याला पीला, काळ्या-लालला याकूब, पांढऱ्याला नूरी, काळ्याला कागर अशी नावं आहेत. अंडी कमी, पण मादी उत्तम खुडूक बसते आणि पिल्लं जिवापाड सांभाळते. इतर कोंबड्यांची अंडी उबवायला तिच्यासारखी दाई नाही. नर मात्र लहानपणापासून भांडतात, त्यांना वेगळं ठेवा. झुंजीसाठी कुणी मागायला आलं तर देऊ नका, कारण प्राण्यांना झुंजवणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० खाली गुन्हा आहे.

नंदुरबार-नवापूर पट्ट्यातून पक्षी आणला असेल तर बुसरा ही शक्यता धरा. महाराष्ट्र आणि लगतच्या गुजरातची म्हणून नोंदलेली ही जात. अंग लहानसर, पिसं बरीचशी पांढरी, त्यांत मान-पाठ-शेपटीवर काळं आणि खांद्या-पंखांवर तांबूस मिसळलेलं.

उघडी मान किंवा उलटी पिसं दिसली म्हणून जात ठरत नाही. हे एकेका जनुकाचे गुण आहेत आणि कुठल्याही गावठी कळपात उतरतात. उघड्या मानेच्या पुढच्या बाजूला पिसांचा छोटा झुपका असेल तर तो गुण आई-बापांपैकी एकाकडूनच आलेला असतो. उष्ण भागात अशा कोंबड्या चांगल्या टिकतात, तेव्हा दिसायला वेगळी म्हणून काढून टाकू नका.

यातलं काहीच जुळलं नाही तर वहीत "गावठी, संकर" असं लिहा.

जात कळेपर्यंत काय करायचं

- कुठल्याही वाणाचं असो, पहिल्या आठवड्यात उबेची जागा ३५ अंशांच्या आसपास ठेवा आणि दर आठवड्याला सुमारे तीन अंशांनी कमी करा. पिल्लं दिव्याखाली गच्च गोळा झाली तर थंडी, चोच उघडी टाकून लांब पळाली तर उष्णता.
- आठ आठवड्यांपर्यंत पिल्लांचं खाद्य द्या. अंड्यावरच्या कोंबडीचं खाद्य पिल्लांना आणि नरांना नको. त्यातल्या जास्तीच्या कॅल्शियमनं मूत्रपिंडं खराब होतात.
- नवीन पिल्लं जुन्या कळपात लगेच मिसळू नका. निदान दोन आठवडे वेगळी ठेवा, त्यांचं पाणी आणि खाद्य शेवटी द्या, हात धुवा.
- मानमोडीची लस जात पाहून टळत नाही. "गावठीला काही होत नाही" या समजुतीनं पूर्ण खुराडी रिकामी झाली आहेत. पहिल्या आठवड्यात लासोटा, मग पुढचं वेळापत्रक पशुवैद्यकीय दवाखान्यातून लिहून घ्या.
- दोन-तीन पक्षी अचानक मेले तर उघड्यावर फेकू नका, विकू नका. दवाखान्याला किंवा पशुवैद्यकीय सेवेच्या १९६२ या क्रमांकावर कळवा. देशातला पहिला बर्ड फ्लू २००६ मध्ये आपल्याच नवापुरात आढळला होता.

पशुवैद्यांना किंवा कृषी विज्ञान केंद्राला विचारताना एक धूसर फोटो पाठवू नका. बाजूनं पूर्ण उभा पक्षी, तुऱ्यासह चेहरा, पायाची नळी आणि तळवा, उघडलेला पंख, पिसांखालची कातडी असे पाच फोटो, सोबत वय, वजन आणि कुठून आणलं ते लिहा. एवढं असेल तर समोरचा माणूस खरंच काही सांगू शकतो.

सांगितलं एक, निघालं दुसरं: तुमचा हक्क

बाजारात रोख देऊन घेतलेल्या दोन पिल्लांसाठी कुणी भांडायला जात नाही. पण पन्नास कडकनाथ किंवा शंभर वनराजा घेत असाल तर आधीपासून कागद तयार ठेवा. पावतीवर वाण, संख्या, वय, झालेलं लसीकरण आणि विक्रेत्याचा पत्ता लिहून घ्या. पावती देत नसेल तर "अमुक वाणाची इतकी पिल्लं" हे त्याच्याकडून मोबाईलच्या संदेशात मागवा आणि पैसे खात्यावर पाठवा. घेतलेल्या दिवसाचे आणि पुढे दर महिन्याचे तारखेसह फोटो ठेवा.

दुसराच वाण निघाला तर आधी पशुवैद्यांकडून पक्षी पाहून लेखी अभिप्राय घ्या, मग विक्रेत्याला लेखी कळवा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. स्वतः राबून पोट भरण्यासाठी कोंबड्या पाळणाराही या कायद्यात ग्राहक धरला जातो, त्यामुळे "तू धंदा करतोस, तुला हक्क नाही" असं सांगून कुणी परत पाठवत असेल तर तिथं गप्प बसू नका.

"पिल्लं घ्या, अंडी आणि पक्षी आम्हीच चढ्या भावानं परत घेतो" अशी योजना घेऊन कुणी आलं तर कडकनाथच्या नावाखाली २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर भागातल्या शेतकऱ्यांचे पैसे कसे अडकले ते गावात कुणाला तरी विचारा. त्या वेळी पिल्लं प्रत्यक्षात हाती आली होती. खरेदीदार मात्र उरला नव्हता.

पुढच्या वेळी वाणाची खात्री हवी असेल तर पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं पुण्यात खडकीला, नागपूर, कोल्हापूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आहेत, मुंबईत आरे वसाहतीत केंद्र सरकारची कुक्कुट विकास संस्था आहे. पिल्लांसाठी आगाऊ नोंदणी करावी लागते आणि पावसाळ्याच्या तोंडावर मागणी वाढते, म्हणून जूनमध्ये पिल्लं हवी असतील तर मार्च-एप्रिलमध्येच विचारणा करा. पंचायत समितीतले पशुधन विकास अधिकारी त्या वर्षी कुठला वाण उपलब्ध आहे ते सांगतील.